पहिल्या मंडळीसारखं जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पाच-सहा कुटुंबांसाठी मार्गदर्शन

प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय, ४२ ते ४७ ही वचनं मंडळीच्या वर्धापनदिनाला हमखास वाचली जातात. सगळे एकत्र असत, सगळं समाईक असे, घरोघरी भाकर मोडत. उपदेश संपतो, लोक "आमेन" म्हणतात आणि चहा घेऊन घरी जातात. सगळं इतकं छान असेल तर आपण हात कुठे घालायचा, हेच कळत नाही.

माझं म्हणणं असं, की सुरुवात दुसऱ्या अध्यायापासून करूच नये. सहाव्यापासून करावी. तिथे भांडण आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर सुरू झाली होती. करिंथात प्रभुभोजनाला कुणी उपाशी तर कुणी झिंगलेला. अंत्युखियात खुद्द पेत्र पंगतीतून मागे सरला. पुढच्या पिढीत फिरते उपदेशक मुक्काम ठोकून फुकट खायला लागले. पहिल्या तीनशे वर्षांतल्या कित्येक चांगल्या सवयी अशाच कुठल्या तरी गडबडीवरचा तोडगा म्हणून रुजल्या. गडबडी आपल्याकडेही त्याच आहेत, म्हणून तोडगेही लागू पडतात.

खालचं सगळं पाच-सहा कुटुंबांचा गट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. हा गट मंडळीच्या ऐवजी नाही, मंडळीतच आहे. त्यामुळे पाळकसाहेबांना किंवा फादरना आधी सांगा, आणि प्रभुभोजनाचा किंवा मिस्साचा विधी घरी करायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. आपण फक्त जेवणार आहोत, वाचणार आहोत, प्रार्थना करणार आहोत आणि हिशेब ठेवणार आहोत.

१. घर आणि वेळ

सुरुवातीच्या मंडळ्या घरांतच भरत. रोममध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरी, कलस्सैच्या बाजूला फिलेमोनाच्या घरी. सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस गावात उत्खननात अशी एक वास्तू सापडली आहे. तिसऱ्या शतकात एका साध्या घरातली मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक केली होती आणि एका छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं होतं. बाहेरून ते शेजारच्या घरांसारखंच दिसे.

घर निवडताना सगळ्यात मोठा फ्लॅट कुणाचा हे पाहू नका. ज्या माणसाला यायला सगळ्यात अवघड जातं त्याला कुठलं घर सोपं पडेल, ते पाहा. गुडघे दुखणाऱ्या आजींना तिसरा मजला चढवू नका. पहिले तीन महिने एकाच घरी भेटा. घरं फिरवली की पदार्थांची चढाओढ लागते आणि चौथ्या घरची बाई धास्तावते. पंधरवड्यातून एकदा, दोन तास, मुलं धरून वीस-पंचवीस माणसं, एवढं पुरे.

२. पंगत

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पहिली मंडळी इथेच सगळ्यात जास्त वेळा अडखळली.

करिंथची गोष्ट आपल्याला अर्धवट माहीत असते. करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय प्रभुभोजनाच्या आधी वाचतात, पण बहुधा तेविसाव्या वचनापासून. सतरापासून वाचा. लोक आपापलं जेवण आधीच उरकत होते, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते तोंडाकडे बघत बसत. अनेक अभ्यासक याचा अर्थ असा लावतात की ज्यांच्या हातात वेळ होता ते लवकर येत, आणि दास व मजूर दिवसभराचं काम आटोपून उशिरा पोचत. पौलाचा तोडगा तेहतिसाव्या वचनात आहे आणि तो अगदी व्यवहारी आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

आपल्या गटात हे असं उतरवा. सगळ्यात उशिरा सुटणारा माणूस कोण? एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारा, दुकान बंद करून येणारी, दोन घरचा स्वयंपाक आटोपून येणारी. तिची वेळ हीच गटाची वेळ. ती आल्याशिवाय ताट वाढायचं नाही. लहान मुलांना भूक लागली तर त्यांना आधी वाढा, मोठ्यांनी थांबा.

जेवण साधं ठेवा आणि तसा नियमच करा: एक भाजी, पोळी किंवा भाकरी, वरण-भात. गोड फक्त वाढदिवसाला. प्रत्येक घरानं एक वस्तू आणायची. ज्याला आणणं परवडत नाही त्याच्याकडे पाणी भरणं, वाढणं असं काम द्या, म्हणजे तो रिकाम्या हातानं आला असं कुणाला वाटणार नाही. टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकानं इ.स. १९७ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती प्रीतिभोजनांबद्दल लिहिलं आहे, त्यात भूक भागेल इतकंच खातात हे मुद्दाम नोंदवलं आहे. बाहेरचे लोक काय काय बोलत होते, त्याला ते उत्तर होतं.

आता अंत्युखिया. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, पण यरुशलेमेकडून काही माणसं आल्यावर तो मागे सरला, आणि बर्णबासुद्धा त्यात ओढला गेला. पौलानं सगळ्यांसमोर त्याला धारेवर धरलं. आपण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांनी ही वचनं दुसऱ्याची म्हणून वाचू नयेत. पूर्वजांची जात कुठली होती हे चार-पाच पिढ्यांनंतरही आपल्या लग्नाच्या बोलण्यांत निघतं. कुणाच्या घरी कोण जेवतं आणि कोण "नंतर येतो" म्हणतं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून गट जमवतानाच एक अट घाला: सगळी कुटुंबं एकाच आडनावांची, एकाच गावची किंवा एकाच भावकीतली नकोत. तसं झालं तर ते फक्त घरचं जेवण होईल. बसायला एकच सतरंजी, आणि कोण कुणाशेजारी बसतं ते दर वेळी बदला. याबद्दल भाषण नको. नुसतं करा.

३. वाचन आणि प्रार्थना

इथे फार शोध लावायची गरज नाही. जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं इ.स. १५५ च्या सुमारास रोममधून सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या अर्जात रविवारचा क्रम दिला आहे: प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण वेळ असेल तोवर वाचतात, मग अध्यक्ष त्यावर बोध करतो, मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात. पुढे भाकर आणि द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवक भाग घेऊन जातात.

घरी असं करा: एक गायन, मोठ्यानं शास्त्रपाठ, वीस मिनिटं चर्चा, उभं राहून प्रार्थना. वाचायला पहिलं वर्ष-सव्वा वर्ष प्रेषितांची कृत्ये घ्या, दर वेळी एक अध्याय, गाळायचं काही नाही. हनन्या आणि सप्पीरासुद्धा नाही. वाचणारा दर वेळी वेगळा असावा, आणि दहावीतल्या पोरीलाही पाळी यावी. चर्चेत एकच बंधन: उपदेश करायचा नाही. "हे आपल्या गटात कुठे लागतं?" एवढाच प्रश्न. जो माणूस तरीही उपदेश करतो (प्रत्येक गटात एक असतोच) त्याच्याकडे पेटी किंवा टाळ सोपवा.

जस्टिनच्या क्रमातला शेवटचा भाग मात्र सोडू नका. जो आला नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी डबा जाऊ दे. नेणाऱ्यानं आज काय वाचलं तेही सांगावं.

४. पाच प्रश्न

इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्याचा, सुभेदार प्लिनी यानं सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं काय करायचं. दोन दासींना, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत, त्यानं छळ करून बोलतं केलं. त्यातून त्याच्या मते अंधश्रद्धेपलीकडे काही निघालं नाही, पण ख्रिस्ती धर्म सोडलेल्यांनी त्याला आधीच सांगितलं होतं: हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गातात आणि शपथ घेतात: चोरी करणार नाही, लुटणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, विश्वासानं ठेवलेली रक्कम परत मागितली तर नाकारणार नाही. नंतर पुन्हा जमून साधं जेवण घेतात.

ती शेवटची दोन कलमं मला फार खरी वाटतात. कारागीर-व्यापाऱ्यांच्या गावात भक्ती अशीच ओळखू येणार. तुमच्या गटात प्रार्थनेआधी हे प्रश्न वाचून दाखवा:

कुणाच्या हक्काचं काही माझ्याकडे राहिलंय का? मोलकरणीचा खाडा अन्यायानं कापला, कामगाराचा ओव्हरटाइम बुडवला, तेही यात आलं.
या पंधरवड्यात दिलेला कुठला शब्द पाळला नाही?
उसने घेतलेले पैसे, वस्तू, भिशीचा हप्ता, काय थकलं आहे?
नवरा-बायकोत काही लपवाछपवी आहे का?
मी नसताना माझ्याबद्दल कामाच्या ठिकाणी काय म्हणत असतील?

शेवटचा प्रश्न माझा आहे, प्लिनीचा नाही. उत्तरं मोठ्यानं द्यायची नाहीत. दोन मिनिटं शांत बसायचं. ज्याला बोलायचं असेल त्यानं एका विश्वासू माणसाशी नंतर बोलावं, पुरुषानं पुरुषाशी, बाईनं बाईशी. सगळ्यांसमोर पापकबुली करवून घेणारे गट मी पाहिले आहेत. दोन महिन्यांत तिथे फक्त चहाड्या उरतात.

५. उपवास आणि डबा

दिदाखे, म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण, हे छोटं पुस्तक पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं मानतात. ते शतकानुशतकं हरवलं होतं. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला एका हस्तलिखितात सापडलं आणि १८८३ मध्ये छापलं गेलं. त्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा, बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करा, असं सरळ सांगितलं आहे. दुसऱ्या शतकातलाच रोमचा लेखक हर्मास आणखी पुढे जातो: उपवासाच्या दिवशी जे खाल्लं नाही त्याची किंमत मोजून विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्या.

बुधवार-शुक्रवार दोन्ही झेपत नसतील तर शुक्रवारचं दुपारचं जेवण सोडा. मधुमेही, गरोदर बायका, गोळ्या घेणारे वृद्ध आणि वाढत्या वयाची मुलं यांनी उपवास करायचा नाही. त्यांनी त्या दिवशीचा चहा-नाश्ता बाहेर घेणं सोडलं तरी चालेल. वाचलेले पन्नास-साठ रुपये लगेच घरातल्या एका डब्यात टाका. करिंथकरांना पौलानं हेच सांगितलं होतं, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा (पहिलं पत्र, १६:२). मी आल्यावर धावाधाव नको, असं त्याचं कारण. साबुदाण्याची खिचडी खाऊन उपवास करायचा असेल तर डब्यात टाकायला काही उरणार नाही, एवढं लक्षात घ्या.

६. यादी आणि वही

पहिली मंडळी दान करत असे हे सगळे सांगतात. ती यादी ठेवत असे हे कमी लोक सांगतात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विधवांच्या नोंदणीचे निकष आहेत: वय साठच्या वर, आणि जिला मुलं-नातवंडं आहेत तिला आधी त्यांनी सांभाळावं, म्हणजे मंडळीवर भार न पडता खरोखर एकटीला मदत मिळेल. इ.स. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस पत्रात लिहितो की तिथली मंडळी १,५०० हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. राज्याचा पाठिंबा नाही, उलट छळ नुकताच होऊन गेलेला, आणि तरी आकडा ठाऊक आहे. आकडा ठाऊक असायला वही लागते.

तर वही घ्या. डाव्या पानावर यादी: कोण, काय गरज, किती दिवसांची, घरचे कोण आहेत, शेवटचं कोण भेटून आलं. "गरीब" असं लिहू नका. "रक्तदाबाच्या गोळ्या, महिना अमुक रुपये, मुलगा पुण्यात, फोन करत नाही" असं लिहा. अशा वेळी पहिलं काम मुलाला फोन करणं हे असतं, पैसे देणं नंतर. उजव्या पानावर जमा आणि खर्च.

पैसे मोजायला नेहमी दोघं, आणि ती दोघं एका घरातली नकोत. यरुशलेमसाठी गोळा केलेला निधी नेताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ सोबत घेतला, या मोठ्या देणगीबद्दल कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (करिंथकरांस दुसरं पत्र, ८:१८-२१). पौलाला साक्षीदार लागला, तर आपल्या खजिनदारानं राग मानू नये. दर महिन्याला वहीतलं जमा-खर्चाचं पान सतरंजीवर उघडं ठेवा. घेणाऱ्यांची नावं मात्र दोघांपलीकडे जाऊ देऊ नका. खर्चाच्या पानावर नुसता क्रमांक लिहा.

वही कुणाकडे द्यायची? सहाव्या अध्यायातला तोडगा इथे पाहा. कुरकुर ग्रीक बोलणाऱ्यांची होती, आणि निवडलेल्या सातही माणसांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच लोकांच्या हाती वाटप दिलं. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला कमिटीतून काढतात. तुम्ही उलटं करा. जी बाई म्हणते "आमच्या गल्लीत कुणी येत नाही", तिलाच यादी द्या.

देताना घाई नको. दान कुणाला द्यायचं हे कळेपर्यंत ते हातात घामेजू दे, असं दिदाखेतलं एक वचन आहे. रोख देण्यापेक्षा औषधाचं बिल, शाळेची फी, वीजबिल थेट भरा. गटाबाहेर जाहीर वर्गणी मागू नका, आणि परदेशी नागरिकाकडून किंवा परदेशी संस्थेकडून गटासाठी पैसा घेऊ नका. त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, लागतो. रक्कम वाढायला लागली तर ती मंडळीच्या किंवा धर्मग्रामाच्या नोंदणीकृत खात्यातूनच चालवा.

७. पाहुणे उपदेशक

दिदाखेतला हा भाग वाचताना हसू येतं. प्रेषित म्हणून येईल त्याचं प्रभूसारखं स्वागत करा. एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल इतकी भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यानं प्रेरित होऊन "मला पैसे द्या" म्हणाला तर ऐकू नका, पण इतर गरजूंसाठी मागितलं तर त्याला दोष देऊ नका. साध्या प्रवाशाला गावातच राहायचं असेल तर त्यानं काम करून खावं.

आजच्या हिशेबानं: बाहेरच्या वक्त्याला बोलवायचं तर त्याच्या मंडळीत फोन करून विचारा. प्रवासखर्च आणि जेवण द्या, पाकीट आधी ठरवून द्या. सभेत क्यूआर कोड दाखवू देऊ नका. आजार बरा होईल म्हणून औषध बंद करायला सांगणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नका. यूट्यूबवरचा उपदेशकही पाहुणाच आहे. त्याच्या खात्यावर जाणारा पैसा आणि तुमच्या यादीतल्या आजींच्या गोळ्या, दोन्ही एका पानावर लिहून पाहा.

८. भांडण झालं तर

होणारच. पौल आणि बर्णबा योहान मार्कावरून इतके तडकले की वेगळे झाले. पुढे त्याच मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असं पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेलं आहे. मध्ये बरीच वर्षं गेली.

दिदाखेचा नियम असा की ज्याचं शेजाऱ्याशी बिनसलं आहे त्यानं समेट होईपर्यंत भोजनाला येऊ नये. हा नियम दोघांनाही लावा, फक्त कमजोर बाजूला नको. तिसऱ्या माणसाला मध्ये घाला, चर्चेची जागा तिसऱ्याचं घर असू द्या, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षर नको.

जो पडला त्याचं काय? इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या हुकुमावरून अनेकांनी जिवाच्या भीतीनं मूर्तींना बळी दिला आणि मग रडत परत आले. रोममधला धर्मगुरू नोवेशियन म्हणाला, यांना घ्यायचं नाही. कॉर्नेलियस आणि कार्थेजचा बिशप सिप्रियन यांचं मत, पश्चात्तापाला वेळ द्या, पण दार उघडं ठेवा. दारू सुटून पुन्हा लागलेला, पैसे खाल्लेला, दुसरं घर केलेला, अशांना जबाबदारी लगेच देऊ नका, ताट मात्र लगेच द्या. अपवाद एकच. घरात मारहाण किंवा मुलांशी गैरवर्तन असेल तर समेटाची भाषा नको. आधी पीडिताला सुरक्षित ठेवा आणि पोलिसांकडे जा.

९. गटाबाहेरची माणसं

तिसऱ्या शतकाच्या मध्यावर साथ आली तेव्हाचं वर्णन अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस करतो: ख्रिस्ती लोक आजाऱ्यांजवळ बसले, मृतांना धुऊन पुरलं, आणि कितीक जण त्यात गेले. टर्टुलियन मंडळीच्या समाईक निधीचा खर्च सांगतो, त्यातही गरिबांचं दफन आहेच. सम्राट जूलियन, ख्रिस्ती धर्म सोडलेला, ३६२ मध्ये चिडून लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) आपल्या गरिबांबरोबर आमचेही पोसतात. आपल्याकडे १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुढे केडगावला त्यांची वसाहत उभी राहिली.

करायचं ते इतकंच: दवाखान्यात रात्री बसायला चार नावांची पाळी लिहून ठेवा, रक्तगट लिहून ठेवा, पेटी-गाडी-खड्डा यांचे दर आणि दफनभूमीच्या परवानगीसाठी कुणाला भेटायचं ते आधीच विचारून ठेवा. दुःखाच्या घरी हे कुणाला सुचत नाही. शेजारचा हिंदू, बौद्ध, मुसलमान आजारी असेल तर हीच पाळी त्यालाही. तिथे जाताना पत्रिका नेऊ नका, सभेचं निमंत्रण देऊ नका. मदत आणि धर्म यांची देवाणघेवाण होते आहे असा नुसता संशय आला तरी ती मदत नासते. कुणी आपणहून विचारलं तर सांगा, आणि पुढचं पाळकांवर सोडा. सुरुवातीच्या मंडळीत बाप्तिस्म्याआधी दोन-तीन वर्षं शिक्षण चालल्याचे उल्लेख आहेत. तेव्हाही घाई नव्हती.

१०. गट वाढला तर

तीसच्या वर माणसं गेली की दोन करा. वही दोन्हीकडे नक्कल करून घ्या. डब्यातले पैसे निम्मे-निम्मे करू नका. यादीतली ज्यांची माणसं जास्त त्यांच्याकडे जास्त जाऊ द्या. पहिले तीन महिने दोन्ही गटांतला एकेक माणूस दुसरीकडे जेवायला पाठवा, आणि नव्या गटाचं घर निवडताना पुन्हा गुडघे दुखणाऱ्या आजींपासून सुरुवात करा.